कारणाचा रकाना

लिफ्टच्या रांगेत माझ्यापुढे एका सॉफ्टवेअर कंपनीतले दोघं उभे होते, एक बाई आणि त्यांचे साहेब.

“मॅडम, तो जुना संच उडवा ना.”

“कुठला, सर?”

“सॉफ्टवेअरमध्ये नवा बदल चढवण्याआधी सगळ्या जुन्या फायली एकत्र करून तुम्ही आर्काइव्हला ठेवल्यात, तो.”

“तो होता म्हणून शुक्रवारी त्या बदलाने बंद पडलेलं सगळं वीस मिनिटांत पूर्ववत झालं.”

“झालं ना? मग त्याचं काम संपलं.”

“तुम्हाला संच खुपत नाहीये, सर. त्यावरची नोंद खुपतेय.”

“अहो, कारणाच्या रकान्यात तुम्ही लिहिलंय, ‘चाचणी न करता बदल चढवायला सरांनी सांगितलं, म्हणून.’ असं लिहितं का कुणी?”

“रकान्यात कारण मागितलंय. मी कारण लिहिलं.”

“बाकीचे सगळे तिथे नुसतं टिंब देतात.”

“तेरा वर्षं मीही टिंबच देत होते. मागच्या वेळी असंच बंद पडलं, तेव्हा त्या टिंबापायी बोलणी मला खावी लागली.”

“आता वर मोठ्या साहेबांसमोर आर्काइव्हच्या नोंदींची यादीच उघडणार आहेत. निदान शब्द तरी बदला.”

“आर्काइव्ह केल्यावर शब्द बदलता येत नाहीत. संच आख्खा उडवता येतो.”

“मग उडवा की. फोनवरून होईल ना?”

“होईल. हे बघा, उडवतानाही ते कारण विचारतंय. तुम्ही बोला, सर, मी शब्द न् शब्द टाइप करते.”

लिफ्टचं दार उघडलं.

“तुम्ही व्हा पुढे. मी जिन्याने येतो.”

“आठवा मजला आहे, सर.”