सॅलडचा सूड

...नाही नाही, हसू नका, आधी ऐका तर! पोतंभर बटाटे घेऊन कोणी सहलीला जातं का, हेच विचारणार ना? आमच्या नवऱ्यानं, लाइलनंही विचारलं, मोटारहोमच्या, त्या चाकांवरच्या घराच्या, पायरीवर उभं राहून, डोकं खाजवत, "वर्ना, अगं आयोवात बटाटे मिळतात की!" मिळतात! हा मला सांगतोय! मिळत असतील हो, पण माझ्या परसात लावलेले, मी गुडघे टेकून उकरलेले, माझ्या हातांनी धुतलेले मिळतात का? आणि सहलीला कोण निघालं होतं? सहलीला लाइल निघाला होता. मी सूड घ्यायला निघाले होते!

तुम्हाला सांगते, सासूबाई गेल्या ना, आमच्या हेझल सासूबाई, तेव्हाची गोष्ट. त्यांच्या गावात, तिकडे आयोवात, चर्चच्या तळघरात, अंत्यविधीनंतरचं जेवण. लांब टेबलं, हॅमचे सँडविच, थरथरणारी हिरवी जेली, आणि मध्यभागी माझं बटाट्याचं सॅलड. सासूबाईंनी स्वतः शिकवलेलं! पोटच्या मुलीला नाही, मला! आणि ती पोटची मुलगी, म्हणजे माझी नणंद अर्लीन, काळा ड्रेस, मोत्यांची माळ, एक घास घेते, थांबते, मान वाकडी करते आणि सगळ्या तळघराला ऐकू जाईल अशा गोडगोड आवाजात म्हणते, "अय्या वर्ना, छान आहे हं! कुठल्या दुकानातलं गं?"

दुकानातलं!! सासूबाईंची शवपेटी वरच्या मजल्यावर, माझे डोळे रडून सुजलेले, आदल्या दिवशी अख्खी दुपार मी बटाटे सोलत बसलेली, आणि ही विचारते कुठल्या दुकानातलं! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी काही बोलले नाही. लक्षात ठेवलं.

मग लाइल निवृत्त झाला, आणि यानं काय करावं? ही जुनी मोटारहोम आणून दारात उभी केली. केवढी थोरली, दार लावलं की आतली कपाटं उघडणारी! मला म्हणे, "देशभर फिरू, सगळ्या नातेवाइकांना भेटू." एरवी मी त्याला गाडीसकट हाकलला असता. पण तेवढ्यात अर्लीनचा फोन. उन्हाळ्यात सगळं खानदान जमणार, सासूबाईंच्या गावाजवळ, तळ्याकाठच्या कॅम्पग्राउंडवर, गाड्या लावून मुक्काम करायच्या मैदानावर, प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचा. मी म्हटलं, लाइल, काढ गाडी!

वाटेत इंडियानात पहिला मुक्काम. कॅम्पग्राउंड म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊकच आहे, एक जण गाडी मागे घ्यायला लागला की दहा पुरुष हातातलं टाकून धावत येतात आणि दहा दिशांना हात हलवतात! "डावीकडे! अजून डावीकडे! बस! अहो बस!" ...आणि धाडकन झाड. ते असो. तिथं मी तालीम केली. सॅलड केलं, शेजारच्या गाडीतल्या म्हाताऱ्या जोडप्याला दिलं, तीन पूडल कुत्री घेऊन फिरत होती बिचारी. त्यांनी ताटल्या पुसून खाल्ल्या. तो म्हातारा म्हणतो कसा, "बाई, तुम्ही दुकान काढा!" मी म्हटलं, दुकानाचं नाव काढाल तर ताटली परत घेईन!

पुढं इलिनॉयला धाकट्या दिराकडे, वेंडेलकडे. त्याच्या गॅरेजमधून वायर ओढून आम्ही दारातच राहिलो. आमचा एसी लावला की त्याच्या घरातले दिवे गेलेच. वेंडेल खिडकीत उभा राहून बघायचा, बोलायचा नाही, नुसता उसासे टाकायचा. त्याची बायको जॉइस मात्र बोलली. मला मिठी मारली, पाठीवरून हात फिरवला, आणि म्हणाली, "वर्ना, तळ्यावर सॅलड आणणारेस ना? उगाच त्रास नको घेऊस गं. नेहमीसारखं दुकानातलंच आण, आम्हाला चालतं!"

नेहमीसारखं!! ऐकलंत? म्हणजे अर्लीननं फोनवर फोन करून गावभर केलं होतं! उभं आयुष्य मी या घराण्याला रांधून वाढलं, आणि माझं नाव काय? तर दुकानातले डबे आणणारी! लाइल म्हणतो, "सोड ना आता, सॅलडच तर आहे." सॅलडच तर आहे! मी काही बोलले नाही. तेही लक्षात ठेवलं. लाइलचंसुद्धा.

तर पोहोचलो तळ्याकाठी. जागा कुणी वाटल्या? अर्लीननं. तिची गाडी कुठं? पाण्याला लागून, सपाट, सावलीत. आणि आमची? संडासांच्या मागं, उतारावर! असा उतार, की पोत्यातला बटाटा निसटला तो थेट ड्रायव्हरच्या सीटखाली. अर्लीन आली मोती घालूनच, "सॉरी हं वर्ना, एवढीच उरली होती. पण तुम्हाला चालेल ना? तुम्ही काय, साधी माणसं!"

मी काही बोलले नाही. बटाटे उकडायला ठेवले. डाव काय होता माझा, तर सगळं बाहेर करायचं, उघड्यावर, बाकावर, तिच्या डोळ्यांदेखत! सोलणं, चिरणं, अंडी, कांदा, मस्टर्ड, सगळं! मी हाक मारली, "अर्लीन, ये ना गं, कांदा चिरू लाग!" तर म्हणे, "अय्या, आम्ही होडीतून निघालोय!" आणि गेली की सगळ्या गोतावळ्याला घेऊन! साक्षीला उरला कोण? लाइल. तो खुर्चीत, तोंडावर टोपी, घोरतोय. पण सॅलड असं झालं होतं म्हणून सांगू... असं आयुष्यात झालं नव्हतं. चव घेतली आणि माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. झाकलं, फ्रिजमध्ये ठेवलं, मुरायला. म्हटलं, उद्या दुपारी अर्लीनबाई, तुमचे शब्द तुम्हालाच गिळायला लावते, चमच्याचमच्यानं!

आता या गाड्यांचा फ्रिज आपल्या घरातल्यासारखा नसतो. गाडी सपाट उभी नसेल तर तो रुसतो. दिवा लागतो, आवाज करतो, पण गार म्हणून काही करत नाही. म्हणून चाकाखाली लाकडं घालायची, काचेच्या नळीतला बुडबुडा मधोमध आणायचा. लाइलला मी विचारलं होतं, बुडबुडा बघितलास का? तर हा म्हणतो, "बुडबुडा कशाला? डोळे आहेत ना मला!"

डोळे आहेत ना!! सकाळी फ्रिज उघडला तर आतून उबदार वारा आला. उबदार! सॅलडचं झाकण काढलं... नको, सांगत नाही, तुम्ही जेवून आला असाल. मटकन खाली बसले. उतारावर नीट बसताही येईना, घसरले! लाइल म्हणतो, "मला तर सरळच दिसतेय गाडी." मी म्हटलं, माणूसच वाकडा असला की गाडी सरळच दिसणार!

घरचे बटाटे संपले. दुपारी जेवण. म्हटलं, हरायचं नाही, सासूबाईंच्या गावात जाऊन बटाटे आणू. तर सुट्टीचा दिवस, सगळ्या कॅम्पग्राउंडनं दुकान धुऊन नेलेलं, बटाट्याच्या खोक्यात माती तेवढी शिल्लक. आणि समोर काचेच्या पेटीत, बर्फावर, पिवळंधमक... बटाट्याचं सॅलड. दुकानातलं.

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? रिकाम्या हातानं जायचं? म्हणजे अर्लीन म्हणणार, दुकान बंद होतं वाटतं! लाइलची मासेमारीची टोपी होती डोक्यावर, गॉगल होता, चोरासारखी गेले, डबे भरून घेतले, गाडीत येऊन सासूबाईंनी दिलेल्या हिरव्या वाडग्यात ओतले, वर अंड्याच्या चकत्या, लाल मिरचीपूड, आणि रिकामे डबे लाइलच्या गांडुळांच्या पेटीखाली!

दुपारी सगळे जमले. अर्लीन वाडग्यापाशी आली. तोच चमचा, तीच मान वाकडी. एक घास घेतला. थांबली. दुसरा घेतला. आणि काय सांगू, चमचा खाली ठेवून ढसाढसा रडायला लागली! "आईचं!" म्हणते, "हेच! अगदी आईच्या हातची चव!" ग्लासावर चमचा वाजवून सगळ्यांना गप्प केलं, आणि म्हणाली, "वर्नाबद्दल मी नको ते बोलले. सगळ्यांसमोर बोलले होते, सगळ्यांसमोरच माफी मागते. आईची चव हिनंच जपली." जॉइस टाळ्या वाजवतेय, वेंडेल नाक पुसतोय, अर्लीन माझ्या गळ्यात पडलीय, मोती माझ्या मानेत रुततायत... ज्या क्षणासाठी एवढी तडफडले तो क्षण आला, आणि मी? मी काही बोलले नाही. काय बोलणार, कप्पाळ!

आणि थांबा, अजून संपलं नाही! अर्लीन म्हणे, उद्या सगळे निघणार, जाताना सगळ्यांना थोडंथोडं दे ना करून! झालं. सकाळी पुन्हा दुकान. या वेळी डब्यांची भानगड नको म्हणून थेट वाडगाच घेऊन गेले. पेटीमागच्या म्हाताऱ्या बाई वाडग्याकडे बघतात, माझ्याकडे बघतात, आणि चेहरा फुलतो त्यांचा, "अगो बाई, हा हेझलचा ना? किती वर्षं भरून दिलाय मी हा! दर रविवारी, मागच्या दारानं!"

मागच्या दारानं!!! सासूबाई! माझ्या सासूबाई! "वर्ना, बटाटे गरम असतानाच सोलावेत. वर्ना, मस्टर्ड जरा कमी." हात भाजेपर्यंत सोलायला लावलं मला, जन्मभर, आणि स्वतः? मागच्या दारानं! मी तिथंच वाडगा घेऊन उभी. आणि मग हळूहळू उजेड पडला डोक्यात. अर्लीनच्या घरी लहानपणापासून चव कुठली? दुकानातली. तीच तिच्या लेखी घरची! आणि माझं खरंखुरं घरचं सॅलड तिनं तळघरात खाल्लं, तेव्हा तिला ते परकं लागलं, बाहेरचं लागलं. म्हणजे बिचारी कुजकट बोलतच नव्हती, खरंच विचारत होती!

पण बघा तरी, हातात केवढं शस्त्र आलं! अर्लीनला गाठून एवढंच म्हणायचं, तुझ्या आईचं ते जगावेगळं सॅलड ना, ते दुकानातलं होतं! मोती गळून पडले असते! गाडी तशीच वळवून पोहोचलेसुद्धा तिच्या दारात, तोंड उघडलं... आणि मिटलं. कारण ती पहिला प्रश्न काय विचारणार? "तुला कसं कळलं?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. लाइल म्हणतो, "जिंकलीस की तू!" जिंकले! परसातले बटाटे आता शेजाऱ्यांना वाटते, आणि दर उन्हाळ्याला टोपी-गॉगल घालून त्या दुकानात मागच्या दारानं जाते.

आता त्या दिवशी अर्लीनचा फोन. तब्येत बरी नसते म्हणे. रडवेल्या आवाजात म्हणाली, "वर्ना, वचन दे, मी गेले की माझ्या अंत्यविधीच्या जेवणाला तुझ्या हातचंच सॅलड करशील."

दिलं वचन. म्हणजे ही बाई मेली तरी मला दुकानात जावं लागणार!