डाव्या पंखावरचं कुंकू

माझं माहेर विट्याच्या पल्याड, कोरडवाहू माळाचं गाव, आन सासर हे असं पलूसजवळ, उसाच्या पट्ट्यातलं, त्यामुळं लग्न ठरलं तवा आमच्या आळीतल्या बाया म्हनायच्या, शालन नशिबाची हाय, पान्यात पडली. पानी व्हतं ते खरंच. पर काय सांगू तुमाला, माहेरी आमच्या गडीमानसं गलाईला जायची, म्हंजी सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला, लांब लांब मुलखात, आन बाया गावात. म्हनून आईनं मुद्दाम शेतीवालं घर हुडकलं, म्हनली, पोरगी नवऱ्याजवळ तरी राहील. आन निघालं काय, तर मालक हवाईदलात! थोरल्यानं शेती बघायची, धाकट्यानं नोकरीला जायचं, आन धाकट्याच्या बायकोनं गावात राहून सासू-सासऱ्यांचं करायचं, हितली रीतच ती. मग मी बी केलं.

आता हवाईदलात म्हंजी विमान चालवायला न्हवं हं. रंगकामाला. विमान घासायचं, रंग द्यायचा, शेपटीवर नंबर टाकायचा, पंखावर तिरंगी चक्र काढायचं. सुट्टीवर आलं की अंगाला थिनरचा वास यायचा, सासूबाई म्हनायच्या, ह्येला आधी न्हाऊ घाल गं, घासलेटाच्या टाकीत पडल्यागत आलाय. मी इचारायची, आवं, केवढं असतंय वो विमान? तर म्हनायचं, आपल्या खळ्यात मावायचं न्हाई, तुला दावीन की एकदा. पुढं क्वार्टर बी मिळाली, पर तवाच सासऱ्यांचं अंग लुळं पडलं, ते गेलं तर सासूबाईंनी अंथरूण धरलं, मग म्हशी, मग सुगी, असं करत करत ह्यांची नोकरी सरली आन मी त्यांचं एकबी विमान डोळ्यानं बघितलं न्हाई. हे सारखं म्हनायचं, रिटायर झाल्यावर संगंच राहायचं हाय की.

रिटायर झालं, घरी आलं, आन करमंना. ऊस थोरल्या दिरांच्या हातात, ह्यांना त्यातलं काय कळत नव्हतं. मग एक दिस कुरिअरनं खोकं आलं. मला वाटलं औषध असंल, तर आत निस्ती प्लास्टिकची तुकडं, चौकटीला चिकटल्याली. विमान हाय हे, म्हनले, जोडायचं, रंगवायचं, हुबेहूब करायचं. मी म्हनलं, आवं, ह्या वयात खेळनी? तर हसलं आन म्हनलं, तुला दावायचं राह्यलंय न्हवं, खळ्यात मावत न्हाई म्हनून बारकं करून दावतो.

गावानं लय चेष्टा केली. हितं पेन्शनवाल्या फौजीला समदी मेजरच म्हनत्यात. पारावरची मानसं यायची, म्हनायची, मेजर, ह्यानं उसावर फवारनी हुईल का? हे म्हनायचं, हुईल की, तुझा ऊस आधी तेवढा बारका कर. आन आमच्या थोरल्या जाऊबाई, लय मायेची बाई पर तोंड बंद न्हाई, त्या म्हनायच्या, भावजी, तुमी सासरवाडीला जाताना बैलगाडीनं जायचा, आता हे इमान करा आन शालनला माहेरी सोडून या.

मी कशी शिरले ह्यात ते सांगते. रंग ह्यांचा, पर नंबर आन चक्रं असत्यात ती छापल्याली येत्यात एका कागदावर, डिकल म्हनत्यात त्येला. कापून कोमट पान्यात सोडायचं, कागद भिजला की वरचा पापुद्रा सुटतो, आन तो ब्रशनं सरकवत विमानावर घ्यायचा. ह्यांचा हात तवाच जरा कापायला लागलेला. पापुद्रा दुमडायचा, फाटायचा, हे स्वतावरच चिडायचं. मी भाकरीचा हात पुसत बघत व्हते, म्हनलं, द्या हिकडं, दुधावरची साय न मोडता काढती मी रोज, ह्येला काय झालं? आन बसला बगा, बरोबर जागेवर. ह्यांनी लगीच पुढचं डिकल माझ्याम्होरं सरकवलं.

तवापास्नं रंग ह्यांचा आन डिकल माझं. मला समदं शिकवलं. रंग खरबरीत असला तर डिकलाखाली हवा राहती आन ती चांदीगत चमकती, म्हनून आधी चकचकीत वार्निश मारायचं. वरनं एक औषध लावायचं, त्येनं डिकल मऊ पडून सुरकुततं, तवा जीव घाबरतो, पर हात लावायचा न्हाई, वाळताना ते आपसूक ताणून बसतं. मग चमक मारायला वरनं मळकट वार्निश. हे म्हनायचं, शालन, डिकल असं बसलं पायजे की बोट फिरवलं तर कडा घावता कामा नये, रंगातच छापल्यागत. सकाळी धार काढून झाली की आमी दोघं खिडकीपाशी बसायचो, रेडिओ बारीक चालू, ह्यांनी सांगायचं, हे विमान अमक्या तळावर व्हतं, हितं लय धूळ, तितं बर्फ. खरं सांगू, मी तवा संसाराला लागले. केस पिकल्यावर.

आता खरं दुखनं सांगते. एक विमान व्हतं, मालवाहू, लय जुनं, ज्याच्यावर ह्यांनी नोकरीला लागल्या लागल्या पैल्यांदा सोताच्या हातानं नंबर टाकलेला. त्येचं खोकं ह्यांनी कुठनं कुठनं मिळवून आनलेलं आन कपाटात वर ठिवलेलं. मी म्हनायची, ह्ये करूया की. तर म्हनायचं, आत्ता न्हाई, हात बसू दे, मग ते करू, शेवटाला. एक झालं, दुसरं झालं, फळी भरली, आन ते खोकं वरच.

मग ह्यांचा पाय उंबऱ्याला अडकायला लागला, बाजूनं कोन आलं तर कळंना. मिरजंला नेलं. डाक्टर म्हनले, काचबिंदू हाय, गेलेली नजर परत यायची न्हाई, हाय ती जेवढी टिकंल तेवढी टिकवू. घरात आल्यावर चप्पल बी न काढता कपाटाकडं बोट केलं, म्हनले, ते खोकं काढ.

लय घाईनं केलं वो आमी ते. रंगाचंच बगा ना, डबीवरच्या नंबरानं जो करडा येतो तो ह्यांना पटंना. म्हनले, आमचं विमान उन्हात उभं राहून राहून इटलेलं, भगुल्यावर चुलीचा धूर बसून वर पुसल्यावर जसं दिसतं तसं. मी भगुलंच आनून म्होरं ठिवलं. थेंब थेंब पांढरा, थेंब काळा, कागदावर लावून उन्हात धरायचा, हे मान वाकडी करून बघायचं कारन कडंची नजर गेलेली, मधली तेवढी राह्यलेली. एक दिवस म्हनले, ह्यो. ह्योच. आन डोळं पुसलं.

डिकलं लावायला काढली ती नवरात्रात. डाव्या पंखावर चक्र बसवलं, औषध लावलं, ते मऊ पडलं, सुरकुतलं, आन मी विमान सोप्यातल्या भिंतीच्या देवळीत वाळत ठिवून म्हशींकडं गेले. खंडेनवमी व्हती. तुमाला म्हाईत हाय, त्या दिवशी घरातली समदी हत्यारं पुजायची, कोयता, खुरपी, फवारनीचा पंप, ट्रॅक्टर, मोटरसायकल. जाऊबाई ताट घिऊन आल्या, समद्याला हळद-कुंकू लावलं, आन त्यांच्या मनात आलं की भावजींचं विमान तेवढं राह्यलं. आवं, मायेनंच की! बोट वलं केलं, हळद लावली, चक्राच्या मधोमध कुंकू लावलं, वर फूल ठिवलं. बोटाबरोबर चक्र निघून आलं.

मी आले तर जाऊबाई बोट वर धरून उभ्या, बोटाला तिरंगी पापुद्रा चिकटल्याला, म्हनत्यात, अगं शालन, ह्येचा रंग कच्चा हाय का गं? मला रडावं का हसावं कळंना. हे बाहीर आलं, लय येळ पंखाजवळ डोळं नेऊन बघितलं, आन म्हनले, असू दे वैनी, पूजा तर झाली. जाऊबाई तितंच खाली बसल्या, त्या दिवशी जेवल्या न्हाईत.

तसला दुसरा कागद मिळंना. कैक ठिकानी फोन केलं. शेवटाला आला तो जुना, पिवळा पडल्याला. हे म्हनले, खिडकीच्या काचंला आतनं चिकटव, ऊन पिवळा रंग खातंय. मग रोज त्येच. मी काचंवरचा कागद बगायची आन हे इचारायचं, पांढरा झाला का? मी म्हनायची, हुतोय. हुतोय. कागद पांढरा पडत गेला आन ह्यांच्या डोळ्याम्होरलं काळं हुत गेलं. जवा कागद काढला तवा ह्यांना खिडकी कुठं हाय एवढंच कळत व्हतं.

तो पंख मी घासून परत रंगवला. करडा माझा मीच केला, भगुलं म्होरं ठिवून. हे इचारायचं, निळसर तर न्हाई झाला? मी काय सांगनार? ज्यांनी ते विमान बघितलं त्यांना दिसत न्हाई, आन जिला दिसतंय तिनं ते कवा बघितलंच न्हाई. म्हनलं, बरोबर हाय.

समदं झाल्यावर ह्यांच्या हातात दिलं. ह्यांनी नाकापास्नं शेपटीपातूर बोट फिरवलं. पंखावर फिरवलं. शेपटीवर नंबराच्या जागी फिरवलं. आन म्हनले, अगं, लावली न्हाईस का अजून? मी म्हनलं, लावलीत की. तर परत बोट फिरवलं, म्हनले, हितं तर काय न्हाई.

जल्मात एवढं चांगलं डिकल मी लावलं नव्हतं बगा. कडा कुठंच घावत नव्हती. मी तितंच तोंडाला पदर लावून बसले. कशाला एवढं बेस केलं मी, जरा वाकडंतिकडं बसलं असतं तर त्यांच्या बोटाला तरी लागलं असतं.

मग ह्यांचं बोट डाव्या पंखावर थांबलं. म्हनले, हे काय? कुंकवाचा कन असंल, रंगाखाली राह्यलेला, मला घासताना दिसला न्हाई. मी सांगितलं. तर म्हनले, वैनींनी कुंकू चक्राच्या मधोमध लावलेलं न्हवं? म्हनलं, व्हय. मग त्या बारक्या टोकाभवती बोट गोल फिरवलं, हळूहळू, जसं चक्र काढतानाच फिरवत असतील तसं, आन म्हनले, घावलं.

आता त्येच असतं. सकाळी मी धार काढून आले की हे खिडकीपाशी विमान मांडीवर घिऊन बसल्यालं असत्यात. फळीवरची बाकीची मी पुसते, ती एवढी कशाला केली आधी, असं मनात येतंच.

औंदा खंडेनवमीला जाऊबाई ताट घिऊन आल्या आन दारातच थांबल्या. हत्यारं पुजली, पंप पुजला, विमानाकडं बघितलं बी न्हाई. ह्यांनी पैंजनाचा आवाज वळखला, म्हनले, वैनी, विमान राह्यलं. त्या म्हनल्या, नगं बाई भावजी, माझा हात वंगाळ हाय. हे उठलं, चाचपडत दोन्ही हातांनी विमान म्होरं धरलं आन म्हनले, लावा, पर औंदा उजव्या पंखाला लावा. डावीकडचं मला घावतंय.

लावलं त्यांनी. जरा जास्तच लावलं, मळकट वार्निशावर टिपका बसला तो बसलाच. मी पुसला न्हाई. बसा, चहा टाकते तुमास्नी, आन जाताना ह्यांच्या हातातलं तेवढं बघून जावा. चांगलं झालंय म्हना. लांबनं म्हनू नगा, जवळ जाऊन म्हना.