पहिल्या पानावर: गुण आला नाही

मंडळी, आपण सगळे आलात. धारचे तर आलातच, तिरल्याहून आलात, सरदारपूरहून गाडी जुंपून आलात, नेमावरसारख्या लांबच्या गावाहून आलात. नानांसाठी आलात. पण मला इथे बोलायला उभं केलंत, ही मात्र चूक केलीत. मी बाबूराव, देवासचा छापखानेवाला. माझं काम दुसऱ्यांचं बोलणं छापायचं. मी स्वतः तोंड उघडलं की एक तर भांडण होतं, नाहीतर रडू येतं. आज दोन्ही होईल असं दिसतंय. सांभाळून घ्या.

आपले सदाशिवशास्त्री वैद्य, आपले सदूनाना, गेले. काल त्यांचं तेरावं झालं. मी महूहून टांग्यानं येत होतो, तर टांगेवाला मला विचारतो, "भिया, वैदजी को कागद अब छपेगो के नी?" त्याला अक्षर वाचता येत नाही, मंडळी. पण 'वैद्यानुभव' मासिक निघेल की बंद पडेल, ही चिंता त्यालाही. मी त्याला उत्तर दिलं नाही. ते आज इथे, तुम्हा सगळ्यांसमोर देणार आहे.

आधी सुरुवातीचं सांगतो. नाना पहिल्या अंकाचे कागद घेऊन माझ्या छापखान्यात आले, तेव्हा मी त्यांना ओळखतही नव्हतो. धारचे कुणी शास्त्री आहेत, वैद्यकीचं मासिक काढायचं म्हणतात, एवढंच कानावर होतं. मला वाटलं, पहिल्या पानावर धन्वंतरीची स्तुती असणार. पाहतो तर काय! वर मथळा, 'गुण आला नाही'. आणि खाली तिरल्याच्या एका रोग्याची हकीकत. त्याला नानांनी काय दिलं, किती दिलं, आणि त्यानं काहीच कसं झालं नाही, उलट दुखणं कसं बळावलं. खाली स्वतःचं नाव!

मी म्हटलं, "शास्त्रीबुवा, डोकं ठिकाणावर आहे ना? आपला माल खराब आहे असं पाटीवर लिहून कुणी दुकान उघडतं का?"

नाना हसले. त्यांचं हसणं तुम्हाला ठाऊक आहे, आधी मिश्या हलायच्या. म्हणाले, "बाबूराव, गुण आला तर रोगी आपण होऊन गावभर सांगत फिरतो. गुण आला नाही तर कोण सांगणार?"

मी कागद ठेवून घेतले. मला गप्प बसवणारे फार थोडे भेटले, त्यातले हे एक.

पुढे त्यांनी नियमच करून टाकला. ज्याला आपल्या औषधाचा गुण छापायचा असेल त्यानं आधी एक न आलेला गुण कळवावा, मगच बाकीचं. वैद्यमंडळी, रागावू नका, पण तुम्ही सुरुवातीला काय केलंत? अहो, ढिगानं मजकूर आला! न आलेल्या गुणांचा नुसता पाऊस! आणि वाचून बघतो तर प्रत्येकानं शेजारच्या वैद्याचं अपयश लिहून पाठवलेलं. 'आमच्या गावी दुसरे एक वैद्य आहेत, त्यांच्या औषधानं असं असं झालं.' सरदारपूरच्यांनी तर आपल्या सख्ख्या चुलतभावाचं लिहिलं होतं! हसता काय? बसलेत ना ते तिथे, आता चुलतभावाशेजारीच बसलेत. मी आणि नाना त्या दिवशी छापखान्यात पोट धरधरून हसलो. मग नानांनी नियमाला पुस्ती जोडली. ज्याचं औषध त्यानंच लिहायचं. खाली ओळ घालायची, 'औषध देणारे', आणि पुढे स्वतःचं नाव.

झालं! मजकूर यायचा एकदम थांबला. पुढचे कितीतरी अंक पहिल्या पानावर एकटे नाना. देवासला आमच्याकडे दोन दरबार, थोरली पाती आणि धाकटी पाती. एरवी एकमत म्हणून कशात नाही. पण 'हे शास्त्री स्वतःची अब्रू छापून वाटतात' यावर दोन्ही पात्यांचे कारभारी एकमतानं हसत. मी नानांना म्हटलं, "नाना, तुम्ही निदान दोन पात्या तरी एक केल्यात."

आणि मग नेमावरहून मजकूर आला.

दाजीबुवा, तुमचं नाव घेतलं तर चालेल ना? मान हलवलीत, मी घेतो. दाजीबुवांनी लिहिलं होतं की एका तान्ह्या मुलाला जुलाब होत होते, त्यांनी अफूची गोळी दिली, आपला बाप देत आला तीच, तेवढीच. मूल निजलं ते उठलं नाही. 'औषध देणारे, दाजी.' बस. एवढंच.

मंडळी, आपला हा मालवा. अफू आपल्या शेतात, आपल्या घरात, आपल्या बाळगुटीतसुद्धा. असं लिहायला छाती लागते. दाजीबुवांनी त्याची किंमत मोजली. गावानं त्यांच्याकडे जाणं सोडलं. हे कळल्यावर नाना काय करतात? हातातले रोगी शिष्यांवर सोपवून धारहून थेट नेमावर! नर्मदेवर आंघोळ केली आणि दाजीबुवांच्या ओटीवर जाऊन बसले. सगळ्या गावासमोर हात पुढे करून म्हणाले, "बुवा, प्रवासानं ताप भरलाय. नाडी बघा आणि औषध द्या." आणि तिथेच, लोकांदेखत, घेतलं. गाव काय समजायचं ते समजलं.

आता माझ्या घरचं सांगतो. माझी नात यमू. दात येताना तिला असेच जुलाब लागले. पोर कापसाच्या वातीसारखी झाली. आमच्या गल्लीतले वैद्य आले, बटव्यात हात घातला, गोळी काढली. आणि हातात गोळी धरून तसेच बसून राहिले. मी ओरडलो, "अहो द्या ना!" ते म्हणाले, "बाबूराव, तुम्हीच छापलंय. नेमावरचं. मी वाचलंय." त्यांनी गोळी परत बटव्यात टाकली. भाताची पेज, डाळिंबाची साल, असलं काहीबाही चालू केलं. पोर वाचली. आता इतकी बोलते, इतकी बोलते, की छापखान्यातले लोक कानात बोटं घालतात.

दाजीबुवा, तुम्ही नेमावरला बसून जे लिहिलंत त्यानं देवासला माझी यमू वाचली. हे तुम्हाला आजवर कुणी सांगितलं नसेल. मी सांगतो. तुमचे उपकार आहेत माझ्यावर. रडू नका बुवा, नाहीतर मला पुढचं बोलता यायचं नाही. आणि ज्यांनी ते तुमच्याकडून लिहवून घेतलं, तुम्हाला एकटं पडू दिलं नाही, त्या नानांचे उपकार तर मी कुठल्या तोंडानं सांगू?

आता भांडणाचं.

नानांना जलोदर झाला. स्वतःच स्वतःचे वैद्य झाले. पुनर्नवेचा काढा आणि दुधावर राहणं. मी भेटायला आलो तेव्हा पाय सुजलेले, बोलताना धाप लागत होती. मला म्हणाले, "बाबूराव, पुढच्या अंकाचं पहिलं पान माझं. रोगीही मी, वैद्यही मी. असा योग पुन्हा यायचा नाही." उशीला टेकून त्यांनी मला सगळं सांगितलं, मी लिहून घेतलं. शेवटी म्हणाले, "पुढचं काय ते तुम्ही बघालच."

काल संध्याकाळी तुमच्यातलेच चारजण मला बाजूला घेऊन गेले. म्हणाले, ते पान काढा. त्या जागी काळ्या चौकटीत नानांचा गौरव घाला. संपादकाला स्वतःला गुण आला नाही हे छापलंत तर लोक काय म्हणतील? इंग्रजी दवाखान्यातले हसतील, मासिक बुडेल. मी ऐकेना, तेव्हा त्यांनी नानांचाच नियम माझ्यापुढे धरला. ज्याचं औषध त्यानंच लिहायचं ना? मग नाना तर गेले. शेवट लिहिणार कोण? नियमानं ते पान छापताच येत नाही!

नियम तर नानांचाच, तो मी मोडायचा कसा? त्यांच्या मनात नानांबद्दल वाईट नव्हतं, हेही खरं. म्हणून मी नानांच्या घरी, वहिनींकडे गेलो. वहिनी इतक्यात घराबाहेर पडायच्या नाहीत, म्हणून त्या आज इथे नाहीत. मी दाराबाहेर बसलो, त्या आत कोपऱ्यात. सगळं सांगितलं. वाटलं, त्या म्हणतील, राहू द्या भाऊजी, कशाला शोभा.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भाऊजी, काढा कोण उकळत होतं?"

"तुम्ही, वहिनी."

"वाटी तोंडाला कोण लावत होतं? शेवटी शेवटी तर त्यांना वाटी धरवतही नव्हती."

"तुम्हीच."

"मग औषध कुणी दिलं? शेवट मी सांगते. घ्या लिहून."

आणि त्यांनी सांगितलं. सूज छातीपर्यंत कशी चढली. दूध पोटात ठरेना. आडवं पडवेना म्हणून बसवून ठेवलं होतं. मधे एकदा थांबल्या, पदर तोंडाला लावला असावा. मग पुन्हा सांगू लागल्या. शेवटची ओळही त्यांचीच: "पहाटे गेले. गुण आला नाही."

मी विचारलं, "वहिनी, नाव घालावं लागेल. नावाआधी काय घालू? आता रीतीप्रमाणे गंगाभागीरथी?"

"तिथे नेहमी काय घालता?"

"औषध देणारे, आणि पुढे नाव."

"तेच घाला," म्हणाल्या. "औषध देणारी, पार्वती."

मंडळी, देवासला पोचलो की ते पान मी कुणाकडे सोपवणार नाही. माझ्या हातानं अक्षरांचे खिळे जुळवणार, जसं सांगितलं तसं. मासिक बंद पडणार नाही. ज्यांना यावर माझ्याशी भांडायचंय त्यांनी नंतर खुशाल भांडावं.

आता उभे राहू या. नानांना आपण सगळे मिळून नमस्कार करू, आणि त्या घरात कोपऱ्यात बसलेल्या वहिनींनाही करू. थोडा वेळ कुणी काही बोलू नका.