मासा चोरीला गेलेला नाही

मी सौ. देवकी काळूराम विशे, वय ५४, धंदा घरकाम व भातशेती, रा. शहापूर. समक्ष विचारल्यावरून सांगते की, माझ्या पतींनी काल ज्या माशाच्या चोरीची तक्रार दिली, तो चोरीला गेलेला नाही. तो मीच दिला.

सदर मासा कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेला, दगड झालेला, काचेच्या फ्रेममध्ये बसवलेला आहे. पती धरणावरून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी तो मुंबईच्या प्रदर्शनातून आणून दारासमोरच्या भिंतीवर टांगला. आल्यागेल्याला ते त्याचे काटे दाखवत. माझ्याकडे इतके निरखून त्यांनी कधी पाहिलेले नाही, हेही लिहून घ्यावे.

रविवारी माझी मुलगी कुणाली हिच्या सुपारीचे ठरवायला मुरबाडहून होणाऱ्या विहीणबाई वत्सला हरड आल्या. त्या माळकरी. मासा पाहून त्यांनी चहाचा कप खाली ठेवला व मेलेला मासा भिंतीला कशाला लावलाय, असे विचारले. पती पेढे आणायला गेले होते. जमलेले लग्न मोडेल या भीतीने मी हा मत्स्यावतार आहे असे ठोकून दिले आणि खात्री पटावी म्हणून काचेला कुंकू लावले. विहीणबाई उठून पाया पडल्या. मग म्हणाल्या की देव असा चपलांच्या वर ठेवू नये, आमच्या देव्हाऱ्यात जागा आहे. आता नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? नव्या खणात गुंडाळून, वर नारळ ठेवून मासा दिला. पती पेढे घेऊन आले तेव्हा त्यांना ती ओटी वाटली; रिकामी भिंत त्यांना पाहुणे गेल्यावर दिसली.

पतींना सांगायची हिंमत झाली नाही. तक्रार दिल्याचे कळल्यावर मात्र सगळे सांगितले. ते भडकले व मासा आणतोच म्हणून आज सकाळी मला घेऊन मुरबाडला गेले. तिथे माशाला तुळशीची माळ घातलेली होती व आरतीची तयारी होती. विहीणबाईंनी ताट पतींच्याच हातात दिले. शेजारी आमचे होणारे जावई हितेश हात जोडून उभे. पतींनी गणपतीतही कधी धड आरती म्हटलेली नाही. त्यांनी माशाकडे बराच वेळ पाहिले आणि मोठ्याने आरती म्हटली. मला हसू येत होते आणि त्यांची दयाही आली.

परतताना एसटीत मी विचारले, लग्न झाल्यावर मासा मागून घेऊ का? ते म्हणाले, "नको. पोरगीपन तिकडंच चाललीय. तिला माहेरचा कोनतरी हाय तिथं."

तरी माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. विहीणबाईंना चौकशीला बोलावू नये.

वरील मजकूर हवालदारांनी मला वाचून दाखवला, मध्ये हसले म्हणून पुन्हा वाचला. तो मी सांगितला तसाच व खरा आहे.