मेव्हण्याची तोफ आणि माझी टिकल्यांची बंदूक

...आणि वर मलाच म्हणतो, "दाजी, ही रायफल आहे का दिवाळीतली टिकल्यांची बंदूक?" आता तुम्हीच सांगा, ज्या माणसाने इतक्या वर्षांत एका हरणाला धड घाबरवलंसुद्धा नाही, त्याने हे बोलावं? पण तो बोलतो! कारण तो माझा मेव्हणा आहे, मृणालिनीचा धाकटा भाऊ, चंद्रहास. राहतो फ्लॅट बुश नावाच्या उपनगरात, घर मोठं, गाडी मोठी, बार्बेक्यू एवढा मोठा की त्यावर लग्नाची पंगत उठेल, आणि रायफल कोणती? थ्री हंड्रेड मॅग्नम! काडतूस हातात घेतलं तर वाटतं गाजर घेतलंय! आणि माझी टू-टू-थ्री, काडतूस करंगळीएवढं. झालं, त्यावरून सगळ्या नातेवाइकांत माझी इज्जत ठरली. मी म्हटलं, अरे, हरणाला फरक पडतो तो गोळी कुठे लागते याचा... पण आमचं ऐकतंय कोण!

तुम्हाला सांगतो, मी काही हौसेने लहान गोळीकडे गेलो नाही. पहिला बार मी त्याच्याच तोफेने काढला. "दाजी, घट्ट धरा, काही होत नाही!" काही होत नाही? अहो, चाप ओढला आणि क्षणभर मला वाटलं मागून कोणीतरी ट्रक घातला! दस्ता खांद्यात, रायफलवरची दुर्बीण कपाळात, आणि भुवईच्या वर रक्ताची अशी सुबक अर्धगोल खूण, की दुसऱ्या दिवशी मंडळाच्या गणपतीत जो तो विचारतोय, "काय प्रमोदराव, चंद्रकोर का? छान दिसते!" मृणालिनी नर्स आहे, तिने पट्टी लावली नाही, म्हणाली, "राहू दे, उठून दिसतंय."

तेव्हा ठरवलं, आपल्याला झेपेल तेच घ्यायचं. टू-टू-थ्री घेतली, पुढे आवाज आणि धक्का कमी करणारा सप्रेसर लावला, आणि तुम्हाला सांगतो, धक्काच नाही! खांद्यावर कोणी ओळखीच्या माणसाने हात ठेवावा, एवढंच. बार काढल्यावरही डोळा उघडा, दुर्बिणीतून गोळी लागलेली दिसते! मग मी बसलो सरावाला. रविवारी रेंजवर, आणि बाकीचे दिवस टाकानिनीच्या आमच्या घरी गराजमध्ये, रिकामी रायफल, पुन्हा पुन्हा तपासून रिकामी, आणि समोर भिंतीवर एक ठिपका. खटक. बोल्ट मागे, पुढे. खटक. मृणालिनी दारातून म्हणायची, "अहो, गाडी बाहेर पावसात भिजतेय आणि आत तुम्ही भिंतीशी भांडताय!" सिद्धी, आमची मुलगी, कानात इयरफोन घालून, "डॅड, यू आर सो वियर्ड." असू दे. लहान गोळीचे काही नखरे असतात, ते मी नाकारत नाही. लांबून मारायचं नाही, तिरक्या उभ्या जनावरावर मारायचं नाही, खांद्याच्या जाड हाडावर तर नाहीच, आणि गोळी घ्यायची ती आत जाऊन उमलणारी, साधी सरावाची नाही. मनासारखी संधी नसेल तर चापावरचं बोट काढायचं आणि घरी यायचं. हे मी चंद्रहासला कितीदा समजावलं... पण आमचं ऐकतंय कोण!

आता ऐका. वायकाटो नदीच्या पलीकडे डोंगरात हेदर नावाच्या बाईंचं फार्म आहे. चंद्रहासच्या माउंट वेलिंग्टनच्या ऑफिसमधल्या कोणाची तरी ही मावशी. फॅलो जातीची हरणं एवढी की तिच्या मेंढ्यांना गवत उरत नाही. पण बाई खमकी! आधी जे लोक येत, त्यांनी एक हरीण जखमी करून सोडलं, आणि ते बिचारं तिला ओढ्यात सापडलं. त्या दिवसापासून फाटकाला कुलूप. आम्हाला परवानगी मिळाली ती एका अटीवर: एक जनावर जरी जखमी होऊन पळालं, तर कायमचे बाहेर. आणि याआधी इतकी वर्षं, दुसऱ्या डोंगरांत, मी काय करत होतो? चंद्रहासच्या मागे मागे डबे वाहत होतो! नंबर नेहमी त्याचा, पळालेलं हरीण नेहमी वाऱ्यामुळे पळालेलं. या वेळी मी सरळ सांगितलं, "बार मी काढणार. नाहीतर तुझी पुरणपोळी तूच वाहून ने." तो हसला. "दाजी, त्या टिकल्यांनी? बाई आपल्याला हाकलून देईल!"

आम्ही पोचलो. हेदरबाई गमबूट घालून उभ्या, सोबत दोन कुत्री. "किया ओरा, बॉइज," म्हणजे इथल्या मूळ लोकांचा राम राम. "आधी कागदावर. माझ्या डोंगरात जो जाईल, त्याने आधी मला कागदावर दाखवायचं." समोर मातीचा उंच बांध, त्याला टोचलेला कागद. चंद्रहास आडवा झाला आणि लगेच व्याख्यान सुरू... मॅग्नम म्हणजे काय, ताकद म्हणजे काय... आणि माझ्याकडे न बघताच, "दाजी, भरा जरा." मी भरली. धडाम! डोंगर हलला, कुत्री गाडीखाली गेली, कागद मात्र अगदी कोरा. "वारा आहे," हा म्हणाला. वारा? अहो, कागदाचा कोपरासुद्धा हलत नव्हता! "भरा, दाजी." आता इथे मला जरा सुचलं. मी बोल्ट मागे घेतला, पुढे केला, पण आत काही घातलंच नाही. दिली हातात.

काय सांगू तुम्हाला! याने श्वास रोखला, डोळे गच्च मिटले, चाप ओढला... खटक! आवाज नाही, धूर नाही, गोळी नाही, आणि हा माणूस टुणकन मागे उडाला! नळी जमिनीत, टोपी गवतात, आणि तोंडातून "आई गं!" रिकाम्या बंदुकीने माणसाला मारलेलं मी पहिल्यांदा पाहिलं! हेदरबाई पोट धरून गाडीच्या बॉनेटला टेकल्या. मग डोळे पुसत माझ्याकडे वळल्या. "यू. युअर टर्न." मी आडवा झालो. टप, टप, टप. बाईंनी कागद काढून आणला, भोकांवर तळहात ठेवला, सगळी भोकं झाकली गेली. "स्वीट अ‍ॅज, झकास. फक्त हा मारणार. तू," चंद्रहासला म्हणाल्या, "तू चहा सांभाळ."

आता खरी परीक्षा. कागद पळून ओढ्यात जाऊन मरत नाही ना! आम्ही वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने, नेच्यांतून सरपटत... मी पुढे, मागे रायफलऐवजी चहाचा थर्मास घेऊन चंद्रहास, त्याचा श्वास बुलेट मोटारसायकलसारखा. आणि समोर मोकळ्या गवतात एक नर! सुंदर! जवळ! पण तोंड आमच्याकडे. चंद्रहास कानात, "मारा दाजी, मारा!" समोरून मारायचं नाही. नर वळला, पण तिरका. "अहो मारा ना, जाईल तो!" जाऊ दे. "दाजी, माझ्याकडे मॅग्नम असती ना..." तुझ्याकडे मॅग्नम असती तर आतापर्यंत तो ऑस्ट्रेलियात पोचला असता! मनात एकच, हा जखमी झाला तर ते फाटक कायमचं बंद, आणि मी जन्मभर टिकल्यांचा प्रमोद. दोन पावलं चरत तो पुढे गेला... आणि आडवा उभा राहिला. पुढच्या पायाच्या किंचित मागे. टप.

दुर्बिणीतून मला सगळं दिसलं. तो दचकला, चार उड्या मारल्या, आणि बसला. खाली मान टाकली. संपलं. ना धावाधाव, ना ओढा. मी तिथूनच जनावराला मनात नमस्कार केला. मागून हेदरबाई आल्या, वाकून बघितलं, माझ्या पाठीवर एक थाप मारली, ती मात्र मॅग्नमची होती, आणि म्हणाल्या, "एनी टाइम, प्रमोद. फाटकाची किल्ली कुठे असते ते तुला दाखवते." अहो, सगळा डोंगर माझ्या नावावर झाल्यासारखं वाटलं! घरी आलो तर मृणालिनीने दारात ओवाळलं. सिद्धी म्हणाली, "डॅड, दॅट्स अ‍ॅक्च्युअली कूल." अ‍ॅक्च्युअली! यापुढे पद्मश्री काय हो!

आणि आता चंद्रहासचं ऐका. त्याने मॅग्नम विकून टाकली. टू-टू-थ्री घेतली, माझ्यासारखीच, सप्रेसरसकट. काल आमच्याकडे जेवायला आला, हात धुतला, आणि सगळ्यांसमोर मला म्हणतो, "दाजी, तुमचं कसं होतं माहितीये का, लहान गोळीला माणूस शांत लागतो. चला गराजमध्ये, तुम्हाला जरा दाखवतो."

मी गराजमधली गाडी बाहेर काढली.