हालन गौडर आणि जीपखालचं तेल

अध्यक्षस्थानी बसलेल्या आपल्या चहा कारखान्याच्या चेअरमन गिरिजाअम्मा, प्रमुख पाहुणे फादर ज्ञानप्रकाशम, आजचे सत्कारमूर्ती, आपले निवृत्त होणारे वाहन पर्यवेक्षक श्री. हालन गौडर, आणि कोटगिरीच्या या गारठ्यात कानटोप्या घालून बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो!

अम्मा, गुडघा कसा आहे? पायऱ्या चढून आलात, म्हणजे बरा असावा. फादर, खोकला थांबला का? गौडर, तुमची साखर? मैसूरपाक यायचाय, म्हणून आधीच विचारतो. आणि अरोक्यम, तू दाराशी का उभा? बरा आहेस ना? ड्रायव्हरला बसायला खुर्ची नाही का या हॉलमध्ये?

गौडरांच्या काटेकोरपणाबद्दल आधीचे वक्ते फार गोड बोलले. मी खालच्या वळणावरचा गॅरेजवाला. मी तो काटेकोरपणा जीपखाली उताणा पडून पाहिलाय.

मागच्या वर्षी कारखान्याच्या जीपखाली तेल दिसू लागलं. रोज सकाळी गौडरांनी शेडमध्ये इंजिनातलं तेल मोजायची पट्टी काढून बघावं, तर तेल कमी; मग अरोक्यमला ओतायला सांगावं. गौडरांनी बॉनेटमध्ये डोकंही न घालता निदान केलं. "अरोक्यम तेल विकतो, आणि संशय नको म्हणून थोडं खाली सांडतो." केवढी ही कल्पनाशक्ती! अरोक्यमची जीप गेली, पानं वाहायची लॉरी आली. रोज तेल घालायचं काम गौडरांनी स्वतःकडे घेतलं.

चोर गेला, गळती मात्र तशीच. तेव्हा गौडर म्हणाले, "जाताना काहीतरी ढिलं करून गेलाय."

मग जीप माझ्याकडे आली. इंजिन धुतलं, कोरडं केलं, खाली वर्तमानपत्रं पसरली. रेडिएटरचं पाणी हिरवं असतं. डाग काळा पडला, म्हणजे इंजिनचंच तेल. पण तेल पाझरतं एकीकडे आणि ठिबकतं दुसरीकडे. म्हणून बॅटरीच्या उजेडात ओघळाच्या उलट वर वर गेलो, तो इंजिनच्या मागच्या सीलपाशी, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कड्यापाशी पोचलो. नवं सील घातलं. आठवड्यात पुन्हा थेंब!

गौडर मला म्हणाले, "अप्पा, हे सीलही त्याच्याच पार्टीचं दिसतंय."

नाताळात खुर्च्या घेऊन जीप फादरच्या अंगणात गेली. आपल्या गावात सपाट जागा म्हणजे तेवढीच. तिथं सहज पट्टी ओढली, तर तेल खुणेच्या कितीतरी वर! डोक्यात उजेड पडला. शेडमध्ये जीप उभी राहते नाक चढाला करून. तेल मागे सरकतं, पुढची पट्टी कोरडी दिसते, गौडर वाटीभर ओततात. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओततात. माणसाला इतकं जेवू घातलं तर तोही कुठून तरी गळेलच की नाही?

मी म्हटलं, "गौडर, दोष तुमच्या उताराचा."

"अरे, मी आयुष्यभर तिथंच पट्टी बघत आलोय!"

"म्हणून तर!"

त्यांनी पट्टी पुसून पुन्हा बुडवली, पुन्हा बघितली. मग गंभीरपणे म्हणाले, "चर्चची जमीन तिरकी आहे."

फादर, तुमच्यासमोरच म्हणाले की नाही?

जास्तीचं तेल काढलं, गळती थांबली. गावातली कुजबुज थांबली नाही. अरोक्यम अजून लॉरीवरच आहे. त्याच्या थोरलीला बघायला आलेल्या पाहुण्यांनी चहा पिता पिता विचारलं, "तेलवाला म्हणतात तो हाच का?" पोरगी आत बसून ऐकत होती.

गौडर, तुम्ही मनाचे वाईट नाही. माझ्या आजारपणात रोज घरून कालवण पाठवलंत, ते मी विसरलेलो नाही. पण उद्या तुम्ही मुलाकडे मैसूरला जाणार. तुम्ही गेल्यावर हा डाग पुसणार कोण? अरोक्यम लॉरी माझ्याकडेच दुरुस्तीला आणतो; मी बोललो तर लोक म्हणतील, गॅरेजवाला गिऱ्हाईक सांभाळतोय. त्यानं तेल चोरलं नाही, हे तुमच्याच तोंडून यायला हवं.

तेव्हा हार नंतर. आधी हा माइक घ्या. अरोक्यम, पुढे ये बाबा, यांच्या शेजारी उभा राहा. अम्मा, दोन मिनिटं द्याल ना?

ऐकून घेतलंत, आभारी आहे. शिकलेला माणूस नाही, जीभ घसरली असेल तर पोटात घाला. आणि गौडर, मैसूरला पोचलात की लगेच पत्र टाका, मी वाट बघेन. पण आत्ता बोला. सगळे ऐकतायत.