ट्रकसोबत कोण जाईल

रत्नागिरी स्टेशनवर सानिका गाडीची वाट बघत होती. शेजारच्या बाकावर एक नवरा-बायको दबक्या आवाजात बोलत होते.

"ट्रक वाहून नेणारी ती रो-रो मालगाडी हितं थांबेल ना नक्की?"

"क्रॉसिंगला थांबते. महेंद्र त्याच्या ट्रकातच बसलाय."

"बाबा गेले ते सांगितलंत भावजींना?"

"सांगितलं. नुसता रडतोय. म्हणतो, ट्रक रेल्वेवर बांधलेला, टाकून कसा उतरू? गोव्यात खाली घ्यायला ड्रायव्हर पायजे."

"मग?"

"त्याच्या जागी मी चढतो. पुढं ट्रक मी नेईन."

"अहो, थोरले तुम्ही. अग्नी तुम्ही द्यायचा."

"मी वर्षभर त्यांच्या उशाशी होतो गो. त्याला निदान तोंड तरी बघू दे."

मालगाडी आली. ट्रकांच्या रांगेतून एक तरुण घाईने उतरला आणि भावाच्या गळ्यात पडला.

"दादा, तू नको जाऊस. तू घरी हवास."

"किल्ली दे. वहिनीला घेऊन नीघ, माणसं खोळंबलीत. माझ्या वाटचा खांदाही तूच दे."

गाडी हलली. सानिकाच्या समोरून तो ट्रक सरकत गेला. केबिनमध्ये थोरला भाऊ स्टेअरिंगवर डोकं टेकून रडत होता.